आधी माणसाची मशागत



पेरणीच्या आधी आपण रानाची मशागत करतो. उन्हाळ्यात नांगरट, मग ढेकळं फोडायची, कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, धसकटं वेचायची, शेणखत टाकायचं. एवढं केल्याशिवाय बियाणाला हात लावायचा नाही, हे आपल्याला बापजाद्यांनी शिकवलं आहे. पण जो माणूस ही मशागत करतो त्याच्या मशागतीचं काय? त्याचं अंग धड आहे का, डोक्याला रोज काही नवं खाद्य मिळतं का, अडचण आली की मन घट्ट राहतं का, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. एक पाऊस चुकला, एक भाव पडला की पिकाच्या आधी माणूस खचतो. गावोगाव हिंडताना हे रोज दिसतं.

आज या पानावर अशा एका माणसाची हकीगत सांगायची आहे, की ज्याने शरीर, बुद्धी आणि आत्मबळ या तिन्हींची मशागत जन्मभर केली. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, महात्मा जोतीराव फुले. जयंतीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण ते स्वतः शेती करणारे होते, आणि घडले ते आपल्यासारख्याच अडचणींतून, हे मात्र विसरतो.

शाळा सुटली, पुन्हा धरली

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर फुलांचा व्यवसाय केला म्हणून लोक फुले म्हणू लागले, तेच नाव राहिले. वडील गोविंदराव यांचे फुलांचे दुकान होते आणि शेतीही होती. जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा आई चिमणाबाई वारल्या. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळले.

सातव्या वर्षी मुलाला शाळेत घातले. चारेक वर्षे शिक्षण झाले. मग दुकानातल्या एका कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले, की मुलगा शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, त्याचा काही उपयोग राहणार नाही. गोविंदरावांनी ते खरे मानले, शाळा बंद केली आणि पोराच्या हातात खुरपे दिले. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्नही लावून दिले. तेव्हा नवरा तेरा वर्षांचा आणि नवरी नऊ वर्षांची.

बहुतेकांची गोष्ट इथंच संपते. जोतीरावांची संपली नाही याची कारणं दोन. एक म्हणजे पोराने वाचन सोडले नाही. दिवसभर मळ्यात राबायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडायचे. दुसरे म्हणजे शेजारी चांगले निघाले. फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजीटसाहेब या दोघांनी पोराची हुशारी हेरली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली, चौदाव्या वर्षी, जोतीराव पुन्हा शाळेत गेले, ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. आपल्यापेक्षा लहान पोरांबरोबर बसायची त्यांनी लाज धरली नाही. १८४७ साली ते शिक्षण पुरे झाले.

एका माणसाच्या शब्दाने शाळा सुटली आणि दुसऱ्या दोघांच्या शब्दाने ती पुन्हा सुरू झाली. गावातल्या सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि गुरुजी मंडळींनी एवढी गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. ऊसतोडीला, मेंढरामागे नाहीतर लग्नाच्या बोहल्यावर जाणारं पोर आपल्या डोळ्यांसमोरून जातं. आपण त्याच्या बापाला काय सांगतो, त्यावर त्याचा पुढला सगळा जन्म ठरतो.

तालमीतली माती

जोतीरावांनी नुसती पुस्तके वाचली असे नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी साळवे यांची तालीम होती. लोक त्यांना लहुजी वस्ताद म्हणत. ते मातंग समाजातले, मूळ पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचे. त्यांच्या हाताखाली जोतीराव कुस्ती, दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. त्या काळात वरच्या म्हणवणाऱ्या जातीचा माणूस मातंगाच्या सावलीला उभा राहत नव्हता. जोतीरावांनी त्यांना गुरू केले आणि त्यांच्या आखाड्याची माती अंगाला लावली. पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा याच लहुजी वस्तादांनी वस्तीत फिरून मुले मिळवून दिली. त्यांच्याच घरातली मुक्ता साळवे ही मुलगी जोतीरावांच्या शाळेत शिकली. तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला.

त्याच तरुण वयात थॉमस पेन या लेखकाचे मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर अशा ब्राह्मण मित्रांबरोबर त्यावर चर्चा चाले. सकाळी तालीम आणि हातात पुस्तक, अशी दोन्ही बाजूंनी मशागत चालू होती.

तिसऱ्या बाजूची, म्हणजे मनाची, परीक्षा १८४८ साली झाली. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव बरोबरीने चालले होते. शूद्राने आपल्याबरोबर चालावे, हे काही जणांना खपले नाही. त्यांनी भर रस्त्यात अपमान केला. जोतीराव तालमीतले गडी होते, अंगात जोर होता, वय एकवीस. अशा वेळी कोणीही हात उगारला असता, नाहीतर घरी येऊन तोंड लपवले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. हे असे का घडते याचा विचार केला आणि मूळ अज्ञानात आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंना त्यांनी घरीच शिकवले होते. त्या तिथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल फेकत, पण शाळा बंद पडली नाही.

या कामापायी १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागले. गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी दोघांना आसरा दिला. पुढे शाळा वाढल्या आणि १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारने मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार केला. १८५५ साली जोतीरावांनी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारे शेतकरी आणि मजूर तिथे शिकायला येत. आपलं वय झालं, आता काय शिकायचं, असं म्हणणाऱ्यांनी ही शाळा आठवावी.

रात्रीचे मारेकरी

१८५६ सालची हकीगत त्यांच्या चरित्रांत येते. मध्यरात्री दोन मारेकरी हत्यारे घेऊन घरात शिरले. एकाचे आडनाव रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. भांड्याच्या आवाजाने जोतीरावांना जाग आली. त्यांनी दिवा लावून विचारपूस केली. पैशासाठी मारायला आलो आहोत, असे त्या दोघांनी सांगितले. माझ्या मरणाने तुमच्या पोराबाळांना अन्न मिळत असेल तर खुशाल मारा, अशा अर्थाचे बोलून जोतीराव शांत उभे राहिले. दोघांच्या हातातली हत्यारे गळाली. रोडे पुढे त्यांच्या सोबत राखणीला राहिला. धोंडीराम रात्रीच्या शाळेत शिकला, विद्वान झाला आणि सत्यशोधक विचारांचा प्रचार करू लागला.

दांडपट्टा शिकलेल्या माणसाने त्या रात्री काठी उचलली नाही. पण तालीम वाया गेली असं म्हणता येणार नाही. ज्याचं अंग भक्कम त्याला भीती कमी, आणि ज्याला भीती कमी त्याचं डोकं अवघड वेळी शांत राहतं. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडे कोयते निघतात आणि दोन्ही घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिथं हा प्रसंग कामाला यावा.

मांजरीचं बागायत

जोतीरावांनी समाजकार्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. पोटाचा धंदा स्वतः केला. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले होते. तिथे काम करताना मजुरांची आणि शेतकऱ्यांची होणारी लूट त्यांनी जवळून पाहिली. त्या धरणाचा कालवा हडपसर, मांजरीच्या बाजूने जातो. नव्या कालव्याचे पाणी घ्यायला सुरुवातीला शेतकरी कचरत होते, तेव्हा जोतीरावांनी मांजरीला जमीन घेऊन स्वतः बागायत करून दाखवले, अशी हकीगत सांगितली जाते. तिथला भाजीपाला पुण्याच्या बाजारात येई. आज आम्ही शेतकऱ्याच्या रानात नव्या वाणाचं प्रात्यक्षिक घेतो, त्यातलाच हा प्रकार. आधी स्वतः करायचं आणि मग दुसऱ्याला सांगायचं.

या अनुभवातून १८८३ साली त्यांनी शेतकऱ्याचा आसूड हे पाच प्रकरणांचे पुस्तक पुरे केले. सावकार, कुळकर्णी, भटजी आणि गोरे अंमलदार मिळून शेतकऱ्याला कसे नागवतात, हे त्यात आहेच. पण उपायही आहेत, आणि ते वाचून आजच्या शेतीखात्याच्या माणसाने मान खाली घालावी. डोंगरउतारावर ताली आणि बांध घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी मुरेल आणि माती, पालापाचोळा वाहून जाणार नाही. ओढ्यानाल्यांवर लहान बंधारे बांधावेत. बसून असलेल्या शिपायांना त्या कामाला लावावे. धरणाचे पाणी प्रत्येकाच्या शेतात तोटी बसवून गरजेपुरते द्यावे. जनावरांची पैदास सुधारावी. चांगले पीक काढणाऱ्याला प्रदर्शन भरवून बक्षीस द्यावे. शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे. पाणलोट आणि ठिबक हे शब्द आपण आता आता ऐकले. जोतीरावांनी त्यामागचा विचार त्या काळात मांडून ठेवला होता.

त्याआधी १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. मुलांना बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण हवे, शाळेला नमुन्याचे शेत जोडलेले हवे आणि वेळ पडली तर नांगराची रुमणी धरू शकेल असा मास्तर हवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक आणि नांगर ही दोन वेगळी जगे आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

दारू, लग्न आणि देणं

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचे ठरत होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे सांगून जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. त्याच वर्षी गावातली दारूची दुकाने वाढत चालली म्हणून नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. नशा माणसाचे शरीर, घर आणि नीती तिन्ही बुडवते, हे ते जाणत होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, सर्व माणसे एका निर्मिकाची लेकरे, हा त्याचा पाया. या विचाराने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भटजीशिवाय आणि थोडक्या खर्चात लग्न लागले. आज लेकीच्या लग्नासाठी रान गहाण टाकणाऱ्याने त्या मांडवाची आठवण काढावी. १८७६-७७ च्या दुष्काळात या समाजाने धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्याआधी १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला.

आत्मबळाची मशागत म्हणतात ती हीच. जप किती केला, माळ किती ओढली, यावर ती मोजता येत नाही. घरातला हौद कोणासाठी उघडला, यावर मोजावी. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली तेव्हा दंगा होणार अशी हवा होती. दयानंद वेद मानणारे, जोतीराव न मानणारे. तरी न्यायमूर्ती रानडे यांनी हाक दिल्यावर जोतीराव आपली माणसे घेऊन मिरवणुकीत संरक्षणाला चालले. विचार पटला नाही तरी माणसाचा बोलण्याचा हक्क राखावा, एवढे मोठे मन त्यांच्याकडे होते.

मार्च १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. हिऱ्यामोत्यांनी नटलेल्या मंडळींत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. इंग्रजीत भाषण करून त्यांनी पाहुण्यांना सांगितले, की राणीची खरी प्रजा खेड्यात उपाशी आहे, या दागिन्यांवरून देशाची पारख करू नका. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी भागात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

डावा हात

आणि मग दोनच महिन्यांनी घाव बसला. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. तालमीत कमावलेले शरीर, आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने आसूड लिहिला तो हात हलेना. वय एकसष्ट. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी सेवा केली. थोडा उतार पडला, पण उजवा हात पहिल्यासारखा झाला नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? खाटेवर पडून छताकडे बघतो. जोतीरावांनी डाव्या हातात लेखणी धरली. लहान पोर मुळाक्षरे गिरवते तसा त्या हाताला वळण लावला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहायला घेतले. १८८९ च्या एप्रिलपर्यंत ते पुरे केले. सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्क आणि सर्वांना एकच खरा धर्म, हा त्याचा विषय. पुस्तक छापून यायच्या आधीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. १८९१ साली यशवंतरावांनी ते प्रसिद्ध केले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून नातलगांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते स्वतः धरले. जोतीरावांनी केलेली मशागत एकट्यापुरती नव्हती. घरातलं माणूसही तितकंच ताठ उभं राहिलं होतं.

बंधूंनो, आपल्यावरही असा एखादा दिवस येतो. गारपीट होते, विहीर आटते, कमावता माणूस अंथरूण धरतो. उजवा हात गेला असं वाटतं. अशा वेळी डावा हात शिल्लक आहे का, हे बघायचं. तो डावा हात म्हणजे आधी केलेली मशागत. जोतीरावांनी चौदाव्या वर्षापासून वाचलं होतं, तालीम केली होती, लोकांसाठी झिजले होते, म्हणून एकसष्टाव्या वर्षी शरीर अर्धं गेलं तरी माणूस पुरा राहिला.

आपण काय करावं

याला पैसा लागत नाही आणि अनुदानाचा अर्जही करावा लागत नाही. अंगासाठी : नशा सोडावी, औषध फवारताना तोंडाला फडकं बांधावं, वर्षातून एकदा दवाखान्यात तपासणी करून घ्यावी, आणि गावातली बंद पडलेली तालीम पोरांसाठी उघडावी. डोक्यासाठी : रोज रात्री पान-दोन पानं वाचावीत. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला मोठ्याने वाचायला लावावं, दोघांचंही भलं होतं. घरातल्या बाईमाणसाला हिशेबात आणि बैठकीत बरोबर घ्यावं. मनासाठी : आठवड्यातून एक काम असं करावं, की ज्यातून आपल्याला काही मिळायचं नाही. आणि मन फारच खचलं तर गप्प बसू नये. शेजाऱ्याला, भावाला, गुरुजींना सांगावं. जोतीरावांनाही गफार बेग मुन्शी लागले आणि उस्मान शेख लागले. दुसऱ्याचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

पुण्याला मार्केट यार्डात माल घेऊन जाल तेव्हा थोडी सवड काढा. पूर्वीची गंज पेठ आता महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. तिथे फुले वाडा आहे. साधं घर आहे, अंगणात विहीर आहे. पट्टीचे पैसे घेऊन गाडीत बसण्याआधी घरच्या पोराला ते दाखवा. आणि ज्या पोराची शाळा यंदा सुटली आहे त्याला तर आधी न्या.